खुडूक कोंबडी व टर्कीचीं पिलें

शास्त्रपाठ: अनुवाद २२:६-८, योहान ९:१-३, मत्तय २३:३७.



ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्हीं जो शास्त्रभाग प्रथम घेतला आहे, त्यांत दोन लहान आज्ञा एकमेकींस लागून आल्या आहेत. पहिलींत असें सांगितलें आहे कीं, वाटेनें जातांना पक्ष्याचें घरटें आढळलें, आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरूं नये. दुसरींत असें सांगितलें आहे कीं, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याला कठडा करावा. नाहीं तर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. वरवर पाहतां घरट्याचा व कठड्याचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु एका गरीब बहिणीच्या खुराड्याजवळ उभें राहून आम्हांस तो संबंध शिकावा लागला. तो कसा, हें सांगण्यासाठीं हा पाठ लिहिला आहे. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांस ह्यांत व्यवहाराची माहितीही मिळेल. आणि आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत ज्या घरीं कोंबडी नाहीं असें घर विरळाच.

१. घडलेली गोष्ट

आमच्या मंडळींत एक विधवा बहीण आहे. शेती नाहीं, मजुरी, दोन शेळ्या व आठदहा गावठी कोंबड्या एवढाच तिचा प्रपंच. धाकट्या मुलीच्या शाळेसाठीं तिनें बचत गटांतून रक्कम उचलली होती. नाताळाच्या सुमारास शहरांत टर्कीला चांगला भाव येतो असें आमच्या कानीं आलें होतें; म्हणून आम्हींच तिला सुचविलें कीं, टर्कीचीं अंडीं विकत आणून खुडूक कोंबडीखालीं बसवावीं. जूनच्या आरंभीं सात अंडीं बसविलीं. अठ्ठाविसाव्या दिवशीं पांच पिलें निघालीं. कोंबडीनें तीं आपलींच मानिलीं. अंगणांत उकिरडा उकरून त्यांस किडे दाखविले, रात्रीं इतर कोंबड्यांच्या खुराड्यांत पंखाखालीं घेतलीं. भेटीस गेलों म्हणजे तें दृश्य पाहून आम्हांस आनंद होई. एका रविवारीं आम्हीं त्यावर उपदेशही केला, आणि प्रभूनें यरुशलेमेविषयीं जो कोंबडीचा दृष्टांत दिला तो मंडळीला समजावून सांगितला.

सप्टेंबरांत पिलें दोन महिन्यांचीं झालीं. तेव्हां एकेक पिलूं पंख ढाळून, डोळे मिटून कोपऱ्यांत उभें राहूं लागलें. शीट गंधकासारखी पिंवळी झाली. पंधरा दिवसांत पांचांपैकीं चार पिलें मेलीं. कोंबड्या मात्र सर्व धडधाकट होत्या.

शेजारच्या आळींतून बोल ऐकूं आला कीं, जत्रेला कोंबडा देण्याचें हिनें सोडलें म्हणून हा कोप झाला. तें एक असो. परंतु मंडळींतलेच एक वडील गृहस्थ म्हणाले कीं, हिनें देवाला कबूल केलेलें कांहीं तरी चुकविलें असावें. हें बोलणें तिच्यापर्यंत पोहोंचलें. ती संध्याकाळीं आमच्या दारीं आली व उभ्यानेंच म्हणाली, "पाळकसाहेब, माझें काय चुकलें तेवढें सांगा. मी कबूल करतें."

आम्हीं तिच्याबरोबर प्रार्थना केली. पण तिच्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेवटचें मेलेलें पिलूं पिशवींत घालून आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों. डॉक्टरांनीं तें चिरून दाखविलें. काळजावर वाटोळे, मध्यें खोलगट असे पिंवळसर डाग होते, आणि आंधळ्या आंतड्यांत चोथ्यासारखा घट्ट गोळा सांचला होता. डॉक्टरांनीं विचारलें, "हीं पिलें कोंबड्यांबरोबर ठेवलीं होतीं काय?" आम्हीं होय म्हटलें. ते म्हणाले, "मग दुसरें कारण शोधूं नका."

२. रोगाचें मूळ

ह्या रोगाला इंग्रजींत ब्लॅकहेड, म्हणजे काळें डोकें, असें नांव आहे. परंतु डोकें काळें पडतेंच असें नाहीं. म्हणून नांवावर विसंबूं नये, पिंवळ्या शिटेवर लक्ष ठेवावें. हिस्टोमोनस नांवाचा एक सूक्ष्म जीव ह्या रोगाला कारण आहे. तो उघड्या जमिनींत फार वेळ जगत नाहीं. पण कोंबडीच्या आंधळ्या आंतड्यांत बारीक पांढरे जंत असतात, आणि त्या जंतांच्या अंड्यांत हा जीव लपून बसतो. कोंबडीच्या शिटेबरोबर तीं अंडीं अंगणांत पडतात व मातींत वर्षानुवर्षें टिकूं शकतात. गांडुळें तीं गिळतात; पावसाळ्यांत गांडुळें वर येतात; आणि टर्कीचें पिलूं तीं आवडीनें खातें. अशा रीतीनें रोग पोटांत जातो. कोंबडीला त्याचा त्रास बहुधा थोडाच होतो. टर्की मात्र त्यानें मरते. ह्या रोगावर आज भरंवशाचें औषध बाजारांत मिळत नाहीं. तो येऊं न देणें हाच उपाय.

एकच अंगण, एकच दाणा, एकच आई. मग एक जगते व दुसरें मरतें, हें कसें? ह्या दोन पक्ष्यांचीं मूळ घरें पाहिलीं तर नवल वाटणार नाहीं. आपली कोंबडी ही आपल्याच आशिया खंडांतील रानकोंबड्यांची संतति आहे. टर्की अमेरिका खंडाची. मेक्सिकोंतील लोकांनीं ती प्रथम माणसाळविली, व सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं ती युरोपांत नेली. १६१२ सालीं मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत एक टर्की होती. बादशहा जहांगीर ह्यानें तिच्या डोक्याचे व मानेचे बदलते रंग आपल्या आत्मवृत्तांत नोंदून ठेविले, आणि दरबारचा चित्रकार मन्सूर ह्यानें तिचें चित्र काढलें. पोर्तुगीज भाषेंत ह्या पक्ष्याला पेरू म्हणतात. आपण तेंच नांव एका फळाला दिलें आहे. असा हा दूरदेशचा पक्षी. कोंबडीला जें सोसतें तें त्यालाही सोसेल असें आम्हीं धरून चाललों, ही आमची पहिली चूक.

३. अंडीं कशीं बसवावीं

आतां रीत सांगतों. अंडीं उबविण्याच्या कामीं गावठी कोंबडीसारखी दुसरी नाहीं. लेगहॉर्नसारख्या जातींच्या कोंबड्या अंडीं पुष्कळ घालतात, पण त्या क्वचितच खुडूक होतात. कोंबडीच्या अंड्यांस २१ दिवस लागतात. टर्कीच्या व साध्या बदकाच्या अंड्यांस २८ दिवस. मध्यम अंगाची गावठी कोंबडी स्वतःचीं दहाबारा अंडीं झांकूं शकते. टर्कीचीं मोठीं असल्यामुळें सहासातांहून अधिक देऊं नयेत.

अंडें सात दिवसांपेक्षां जुनें नसावें. तें धुऊं नये, कारण कवचावर जो नैसर्गिक लेप असतो तो जाऊन आंत घाण शिरते. उष्णता सुमारें २१ अंश सेल्सियसच्या वर गेली कीं सजीव अंड्यांतील जीव अर्धवट वाढूं लागतो, आणि मग कोंबडीखालीं जाण्यापूर्वींच मरतो. म्हणून उन्हाळ्यांत अंडीं ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यांत, अंधाऱ्या व गार कोपऱ्यांत, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावीं. खाण्यासाठीं विकावयाचीं अंडीं मात्र उन्हाळ्यांत कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांचीं असावीं. तीं निर्जीव असल्यामुळें अधिक दिवस टिकतात.

घरट्यासाठीं पसरट पाटी घ्यावी, तींत वाळू व वर मऊ गवत घालावें. कोंबडीच्या पंखांत उवा असल्यास ती बसून राहत नाहीं. म्हणून आधीं तिचें अंग तपासून उवांचा उपाय करावा. जंताचें औषधही पशुवैद्याला विचारून तिला बसविण्यापूर्वींच द्यावें. तिला रात्रीं बसवावें. रोज एकदां, ठरलेल्या वेळीं, उठवून दाणापाणी द्यावें व पंधरावीस मिनिटें मोकळें सोडावें, म्हणजे ती घरट्यांत घाण करणार नाहीं.

आठवडा झाला म्हणजे अंधाऱ्या खोलींत बॅटरीच्या उजेडावर अंडें धरून पाहावें. टर्कीचें कवच जाड व ठिपक्यांचें असतें, म्हणून तें नवव्यादहाव्या दिवशीं पाहावें. आंत कोळ्यासारखी तांबड्या शिरांची जाळी दिसली तर जीव आहे. सर्व स्वच्छ दिसलें तर अंडें वांझ. रक्ताचें नुसतें कडें दिसलें तर जीव धरून मेला. वांझ व मेलेलीं अंडीं काढून टाकावीं. तीं सडून फुटलीं म्हणजे चांगल्यांचाही नाश करितात.

ज्यांच्या घरीं वीज आहे ते पेटींत दिवा लावून अंडीं उबवितात. त्यांनीं उष्णतामापकावांचून हें काम करूं नये. आंत पंखा असल्यास ३७.५ अंश सेल्सियस, पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान उष्णता असावी. पेटींत पाण्याचें भांडें असावें. अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां फिरवावीं. आणि निघण्यापूर्वींचे तीन दिवस फिरविणें बंद करून ओलावा वाढवावा. वीज जात असेल तेथें खुडूक कोंबडीच बरी.

अंड्याला चीर पडली म्हणजे घरांतील मुलें कवच सोलून पिलाला मदत करावयास धांवतात. तसें करूं देऊं नये. शेवटच्या दिवसांत पिलूं आंतील पिंवळा बलक पोटांत ओढून घेतें व शिरांतील रक्तही आंत घेतें. घाई केल्यास रक्त वाहून तें मरतें. तो बलक त्याला दोनतीन दिवसांची शिदोरी म्हणून पुरतो.

४. आई अठ्ठावीस दिवसांची

कोंबडीचीं स्वतःचीं पिलें आईबरोबर राहूं द्यावीं. टर्कीचीं मात्र अंग कोरडें होतांच, पहिल्याच दिवशीं, तिच्यापासून काढावीं. कोंबडी टर्कीची उबविणारी आई होऊं शकते. तिचें संगोपन तिच्या हातीं देऊं नये.

हें ऐकून त्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलें. ती म्हणाली, "अठ्ठावीस दिवस बसलेल्या मुक्या जिवाखालून पिलें काढायचीं, हें बरें नव्हे." तिचें म्हणणें खरें आहे, आणि घरट्याविषयींची आज्ञा तिच्याच बाजूची आहे. परंतु ह्यालाही उपाय आहे. टर्कीचीं अंडीं बसविल्यावर सात दिवसांनीं त्याच कोंबडीखालीं तिच्या जातीचीं तीनचार अंडीं ठेवावीं. सातांत एकवीस मिळविले कीं अठ्ठावीस. दोन्ही जातींचीं पिलें एकाच दिवशीं निघतात. टर्कीचीं पिलें काढलीं तरी कोंबडीचे पंख रिकामे राहत नाहींत. मात्र अशा वेळीं टर्कीचीं चारपांचच अंडीं ठेवावीं.

काढलेलीं पिलें कोरड्या खोक्यांत दिव्याखालीं ठेवावीं. पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश ऊब हवी. पुढें दर आठवड्याला तीन अंश कमी करावी. पिलें दिव्याखालीं एकावर एक चढत असतील तर थंडी आहे. दूर पळून चोंच उघडून धापा टाकीत असतील तर उष्णता फार. खोक्याचे कोपरे पुठ्ठ्यानें वाटोळे करावे. नाहीं तर कोपऱ्यांत दाटी करून पिलें गुदमरतात. तळाशीं गुळगुळीत कागद घालूं नये, पाय फांकतात, गोणपाट घालावें.

टर्कीचें पिलूं दाणा समोर असतांही उपाशी मरतें, कारण खाणें म्हणजे काय हें त्याला लवकर उमगत नाहीं. कोणी म्हणतात, शिकविण्यासाठीं कोंबडीचें पिलूं बरोबर ठेवावें. वर सांगितलेल्या कारणास्तव आम्ही तसें सांगत नाहीं. आपल्याच बोटानें दाण्यावर टकटक करावी, व चोंच हलकेच पाण्यांत बुडवावी. पहिले पंधरा दिवस दहा पिलांस एक उकडलेलें अंडें बारीक करून द्यावें, आणि एक लिटर पाण्यांत शंभर मिलिलिटर दूध घालून तें पाजावें. टर्कीच्या पिलाला कोंबडीच्या पिलापेक्षां अधिक पौष्टिक खाद्य लागतें. नुसत्या जोंधळ्याच्या भरड्यावर तें वाढत नाहीं. थोडीं मोठीं झाल्यावर लसूणघास बारीक कापून द्यावा, तो त्यांस फार आवडतो.

पुढें त्यांस जमिनीवर न ठेवतां बांबूच्या पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या मचाणावर ठेवावें, म्हणजे शीट खालीं पडते व गांडूळ वर येत नाहीं. जेथें अलीकडच्या वर्षांत कोंबड्या चरल्या आहेत त्या जागेंत त्यांस सोडूं नये. आधीं टर्कीला दाणापाणी द्यावें, मग कोंबड्यांस; खुराड्यांत घालावयाची चप्पल टर्कीकडे घालूं नये.

५. दुसरे दोन शत्रू

मानमोडी, जिला रानीखेत म्हणतात, ती कोंबडी व टर्की दोघांनाही मारते. हिला उपाय झाल्यावर नाहीं, आधीं आहे. पिलें पांच ते सात दिवसांचीं असतांना डोळ्यांत किंवा नाकांत लशीचा थेंब, व पुढें सहा ते आठ आठवड्यांचीं झाल्यावर टोंचणी, हा क्रम पशुवैद्याला विचारून पाळावा. एकट्या घरासाठीं लशीची कुपी उघडणें परवडत नाहीं. म्हणून उपदेशकांनीं गांवांतील सर्व घरांचा, ख्रिस्ती असोत वा नसोत, एकच दिवस ठरवावा.

दुसरा शत्रू बर्ड फ्लू. २००६ सालच्या फेब्रुवारींत आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें तो भारतांत प्रथम आढळला, आणि लाखों पक्षी मारावे लागले. एकाएकीं पुष्कळ पक्षी मेल्यास ते खाऊं नयेत, विकूं नयेत, ओढ्यांत टाकूं नयेत. दवाखान्यांत ताबडतोब कळवावें. लपविणें म्हणजे शेजाऱ्याच्या धाब्याचा कठडा मोडणें होय.

हें काम उपदेशकाचें नव्हे असें कोणास वाटेल. परंतु आपल्या पूर्वींच्या लोकांनीं तसें मानिलें नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत एटा येथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आर्थर स्लेटर ह्यांनीं गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठीं कोंबड्यांच्या सुधारणेचें काम चालविलें. दक्षिणेंत मार्तंडम येथें वाय. एम. सी. ए. चे स्पेन्सर हॅच ह्यांनीं खेडुतांस अंडीं एकत्र करून सहकारानें विकावयास शिकविलें. देवाचें वचन व पोटाची भाकर हीं एकाच घरांत जातात, हें त्यांनीं ओळखलें होतें.

६. ह्यांतील धडा

दवाखान्यांतून परतल्यावर पुढच्या रविवारीं आम्हीं मंडळीपुढें उभे राहून सांगितलें कीं, त्या बहिणीनें कांहीं चुकविलेलें नाहीं. सल्ला आमचा होता, आणि तो आम्हीं चौकशी न करितां दिला होता. जन्मांधाकडे पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. आणि प्रभूनें तो प्रश्नच बाजूला सारून त्या मनुष्याला बरें करण्याचें काम हातीं घेतलें. आम्ही मात्र अजून शिष्यांच्याच प्रश्नापाशीं उभे होतों. उपासना संपल्यावर ते वडील गृहस्थ त्या बहिणीजवळ गेले. ते काय बोलले हें आम्हीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं तिनें पुन्हां अंडीं बसविलीं. ह्या वेळीं आम्हीं सुचविलें नव्हतें. तिनेंच मचाण बांधून आम्हांस बोलाविलें. दोन कोंबड्यांखालून टर्कीचीं सहा पिलें निघालीं. एक पहिल्या आठवड्यांत थंडीनें गेलें, पांच वाढलीं. नाताळापूर्वीं तीं विकून बचत गटाचें देणें फिटलें. शिल्लक फारशी राहिली नाहीं; पण देणें फिटलें.

आतां घरट्याचा व कठड्याचा संबंध सांगतों. घरट्याची आज्ञा दया शिकविते; कठड्याची आज्ञा सावधगिरी शिकविते. आम्हांपाशीं दया होती. कोंबडीखालचीं पिलें पाहून आम्हीं उपदेश केला, पण कठडा बांधला नाहीं; आणि आमच्या अज्ञानाचा भार एका विधवेच्या माथीं पडला. चौकशी करणें, लस टोंचविणें, मचाण बांधणें हीं अविश्वासाचीं लक्षणें नव्हत. ज्या देवानें घरट्यावर दया करावयास सांगितलें, त्यानेंच पुढच्या वाक्यांत कठडा बांधावयास सांगितलें. मात्र एक सांभाळावें. हें ज्ञान मिळालें म्हणून दुसऱ्याच्या घरीं पिलें मेलीं तर "तुमचेंच खुराडें घाण" असें म्हणून नवा दोष लावूं नये. आधीं त्याच्या दारीं जावें, मग मेलेलें पिलूं घेऊन दवाखान्यांत जावें.

संध्याकाळच्या वर्गासाठीं प्रश्न

१. अनुवाद २२:६-८ ह्या भागांतील दोन आज्ञा कोणत्या? त्यांपैकीं आपल्या घरीं कोणती अधिक मोडली जाते?

२. कोंबडीनें उबविलेलीं टर्कीचीं पिलें तिच्यापासून केव्हां व कां काढावीं?

३. टर्कीच्या अंड्यांनंतर सात दिवसांनीं कोंबडीचीं अंडीं ठेविल्यानें काय साधतें?

४. कोणाच्या घरीं नुकसान झालें असतां योहान ९:१-३ प्रमाणें आपण काय बोलूं नये, व काय करावें?

५. आपल्या गांवांत लशीचा एक दिवस ठरविण्यासाठीं कोणाकोणास भेटावें लागेल? त्यांचीं नांवें आजच लिहून काढावीं.